पंख आले, इंजिन राहिले

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक जुने लढाऊ विमान उभे आहे. शाळेच्या सहलीतून आलेली मुले त्याच्यासमोर फोटो काढतात आणि पुढच्या दालनाकडे पळतात. हे विमान म्हणजे एचएफ-२४ 'मरुत'. बंगळूरला रचलेले आणि तिथेच बांधलेले हे भारताचे पहिले जेट लढाऊ विमान. त्याच्याकडे जरा थांबून पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. त्याचे पंख धडापासून काटकोनात बाहेर पडत नाहीत, ते शेपटीच्या दिशेने मागे झुकलेले आहेत. आज मुंबईच्या आकाशात दिसणाऱ्या जवळपास प्रत्येक जेट प्रवासी विमानाचे पंखही असेच असतात, त्यामुळे त्यात कुणाला विशेष वाटत नाही.

पण या झुकलेल्या पंखांच्या मागे रोममधली एक परिषद आहे, ग्योटिंगेनचे वाऱ्याचे बोगदे आहेत आणि हरलेल्या जर्मनीतून जगभर पांगलेले कागद आणि माणसे आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जर्मनीत सापडलेल्या जेट विमानांच्या आराखड्यांनी पुढची वीस वर्षे जगाचे विमानशास्त्र ढवळून काढले. अमेरिका, सोव्हिएत संघ, स्वीडन, फ्रान्स, अर्जेंटिना, इजिप्त आणि भारत यांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला त्यातले काही ना काही आले. कुणाला त्याचा किती उपयोग झाला, हे मात्र पंखांवर ठरले नाही. ते ठरले इंजिनावर.

घाटातली वाट आणि विमानाचा पंख

हवेत ध्वनीचा वेग समुद्रसपाटीजवळ ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर असतो. अकरा किलोमीटर उंचीवर हवा थंड असते, तिथे तो ताशी १,०६० किलोमीटरच्या आसपास उतरतो. विमान या वेगाच्या जवळ जाऊ लागले, की अडचण सुरू होते. पंखाच्या फुगीर पाठीवरून जाणारी हवा विमानापेक्षा अधिक वेगाने धावते. त्यामुळे विमान ध्वनीच्या वेगाच्या पाऊणपटीवर असतानाच पंखावरची हवा मात्र ध्वनीचा वेग गाठते. तिथे आघात तरंग तयार होतात, हवेचा विरोध एकदम वाढतो, विमान थरथरू लागते आणि कधी कधी वैमानिकाच्या हाताबाहेर जाते. 'ध्वनीची भिंत' हा शब्दप्रयोग याच अनुभवातून आला.

यावर उपाय काय? पंख पातळ करणे हा एक. पण फार पातळ पंख मजबूत राहत नाही आणि त्यात इंधनही मावत नाही. दुसरा उपाय म्हणजे पंख मागे झुकवणे. त्यामागचे तत्त्व घाटरस्त्यावर समजते. डोंगरावर सरळ चढणारी पायवाट छातीवर येते. तोच डोंगर तिरक्या वाटेने चढला, तर चढ सौम्य वाटतो. डोंगर तितकाच उंच असतो, बदलते फक्त चढण्याची दिशा. झुकलेल्या पंखावरून जाणाऱ्या हवेचेही तसेच होते. पंखाचा फुगवटा तिला तिरका ओलांडावा लागतो, म्हणून तो तिच्या लेखी सौम्य होतो. आकड्यांत सांगायचे, तर विमान ताशी ९०० किलोमीटरने जात असेल आणि पंख ३५ अंशांनी मागे झुकलेला असेल, तर पंखाला काटकोनात भिडणाऱ्या हवेचा वेग ताशी सुमारे ७४० किलोमीटरच भरतो. त्रासदायक आघात तरंग तेवढे लांबतात.

ही कल्पना १९३५ मध्ये अॅडॉल्फ बुझेमान या जर्मन शास्त्रज्ञाने रोमच्या व्होल्टा परिषदेत मांडली. परिषदेचा विषयच विमानांचे अतिवेग हा होता. तिथे काही गुपित नव्हते. युरोप-अमेरिकेतले नामांकित वायुगतिशास्त्रज्ञ समोर बसले होते आणि अमेरिकेहून आलेले थिओडोर फॉन कार्मान त्यांत होते. परिषदेच्या मेजवानीत इटालियन शास्त्रज्ञ क्रोक्को यांनी मेन्यू कार्डाच्या मागे मागे झुकलेल्या पंखांचे विमान रेखाटून बुझेमानच्या भविष्यातल्या विमानाची थट्टाही केली. पण तो काळ पंख्याच्या विमानांचा होता. ध्वनीच्या वेगाजवळ जाईल असे इंजिनच कुणाकडे नव्हते. पाहुणे आपापल्या देशांत परतले आणि ही गोष्ट विसरले.

जर्मनीत ती विसरली गेली नाही. ग्योटिंगेनच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट बेट्झ यांच्या देखरेखीखाली हुबर्ट लुडविग यांनी १९३९ मध्ये झुकलेल्या पंखांच्या प्रतिकृती वाऱ्याच्या वेगवान बोगद्यात तपासल्या. ध्वनीच्या वेगाच्या अलीकडेही हा पंख फायद्याचा ठरतो, हे त्यातून दिसले. हे ग्योटिंगेन मराठी माणसाला अगदीच परके नाही. कोल्हापूर भागातले डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी १९३० च्या दशकात तिथेच लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. पुढे बंगळूरला त्यांनी एचटी-२ आणि 'किरण' ही प्रशिक्षण विमाने रचली.

दहा तासांचे इंजिन

जर्मनीचे मेसरश्मिट २६२ हे प्रत्यक्ष लढाईत मोठ्या संख्येने उतरलेले पहिले जेट लढाऊ विमान. १८ जुलै १९४२ रोजी ते पहिल्यांदा निव्वळ जेटच्या बळावर उडाले. त्याचे पंख सुमारे साडेअठरा अंशांनी मागे झुकलेले होते, पण त्यामागे बुझेमानचा सिद्धांत नव्हता. इंजिने अपेक्षेपेक्षा जड निघाली, विमानाचा तोल साधण्यासाठी पंख मागे घ्यावे लागले. वेगासाठी मुद्दाम पंख झुकवलेली विमाने त्यानंतरच्या आराखड्यांत आली. मेसरश्मिट पी-१,१०१ आणि फोके-वुल्फचे टीए-१८३ ही त्यांतली दोन महत्त्वाची. पहिले अर्धवट बांधून झाले होते, दुसरे कागदावर होते, तेवढ्यात युद्ध संपले.

मेसरश्मिट २६२ चा खरा दुबळेपणा त्याच्या युमो ००४ इंजिनात होता. जेट इंजिनात हवा आत ओढून दाबली जाते, इंधन जाळून तापवली जाते आणि ती तप्त हवा टर्बाइनच्या पात्यांवरून बाहेर फेकली जाते. ही पाती लालबुंद तापलेल्या अवस्थेत मिनिटाला हजारो फेऱ्या मारतात. युमोमध्ये त्या ८,७०० पर्यंत जात. असा मारा सोसायला निकेल, कोबाल्ट, क्रोमियम यांचे खास मिश्रधातू लागतात. युद्धात कोंडी झालेल्या जर्मनीकडे ते पुरेसे नव्हते. ज्वलनकक्ष साध्या पोलादाचे करून त्यावर अॅल्युमिनियमचा मुलामा द्यावा लागला, पाती पोकळ करून आतून हवा खेळवावी लागली. रचना हुशारीची होती, पण इंजिनाचे आयुष्य दहा ते पंचवीस तासांचे.

या विमानाच्या इतिहासातला एक भाग तांत्रिक लेखांतून अनेकदा गळतो. ऑस्ट्रियातल्या माउटहाउझेन छळछावणीच्या गुझेन शाखेत डोंगर पोखरून बोगदे काढले गेले आणि तिथे कैद्यांकडून मेसरश्मिट २६२ ची धडे बांधून घेतली गेली. उपासमार, मारहाण आणि अतिश्रमाने तिथे हजारो माणसे मेली. विजेत्या देशांनी पुढे जे ज्ञान पेट्यांत भरून नेले, त्यातल्या बऱ्याच गोष्टींना ही किंमत चिकटलेली होती. नेणाऱ्यांनी ती फारशी विचारली नाही.

जंगलात दडलेली प्रयोगशाळा

एप्रिल-मे १९४५ मध्ये अमेरिकी सैन्यामागोमाग शास्त्रज्ञांची पथके जर्मनीत शिरली. ब्राउनश्वाइगजवळ फोल्केनरोडे इथे त्यांना जंगलात लपवलेली एक मोठी हवाई संशोधन संस्था सापडली. इमारती झाडांच्या उंचीच्या आत ठेवलेल्या आणि वरून झाकलेल्या, आत एकाहून एक सरस वाऱ्याचे बोगदे आणि कागदांचे ढीग. पथकाचे प्रमुख होते तेच फॉन कार्मान, जे दहा वर्षांपूर्वी रोममध्ये बुझेमानचे भाषण ऐकून गेले होते. बुझेमानही तिथेच काम करत होते. झुकलेल्या पंखांच्या चाचण्यांचे तक्ते पाहून पथकाने त्यांनाच विचारणा केली, तेव्हा त्यांनी रोमच्या परिषदेची आठवण करून दिली.

पथकात बोइंग कंपनीचे जॉर्ज शायरर होते. १० मे १९४५ रोजी त्यांनी तिथूनच सहकाऱ्याला पत्र लिहून झुकलेल्या पंखाचे सूत्र कळवले. बोइंग तेव्हा सरळ पंखांचे जेट बॉम्बफेकी विमान आखत होती. ते काम थांबवून नव्या पंखांच्या चाचण्या सुरू झाल्या. ३५ अंशांनी झुकलेल्या पंखांचे बी-४७ हे विमान १७ डिसेंबर १९४७ रोजी उडाले. पंखांखाली खांबांवर टांगलेली इंजिने हेही त्याचे वैशिष्ट्य. हीच ठेवण पुढे बोइंग ७०७ या प्रवासी विमानात उतरली. १९६० मध्ये एअर इंडियाची ७०७ विमाने सांताक्रूझहून उडू लागली, तेव्हा त्यांच्या पंखांतही तेच ३५ अंश होते.

अमेरिकेने सगळे जर्मनीतूनच उचलले असे मात्र नाही. तिथल्या नाका या सरकारी संशोधन संस्थेतले रॉबर्ट जोन्स १९४५ च्या सुरुवातीला, जर्मन कागद हाती येण्याआधीच, स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर पोहोचले होते. पण वरिष्ठांचा त्यावर विश्वास बसत नव्हता, पुरावा मागितला जात होता. फोल्केनरोडेच्या तक्त्यांनी तो पुरावा तयारच हातात दिला. काही वर्षांच्या चाचण्या वाचल्या, हा जर्मन आराखड्यांचा सर्वांत मोठा उपयोग.

दोन शत्रू, एकच पंख

नॉर्थ अमेरिकन कंपनीचे एफ-८६ 'सेबर' आधी सरळ पंखांचे व्हायचे होते. जर्मन माहिती आल्यावर आराखडा बदलला आणि पंख ३५ अंशांनी मागे गेले. झुकलेल्या पंखांचा एक दोष असा, की कमी वेगात हवा पंखाच्या टोकाकडे सरकते, टोकाची उचल आधी संपते आणि उतरताना विमान दगा देऊ शकते. त्यावर मेसरश्मिटसारख्याच, पंखाच्या पुढच्या कडेवर आपोआप उघडणाऱ्या पट्ट्या सेबरला बसवल्या गेल्या. १ ऑक्टोबर १९४७ रोजी सेबर उडाले. तीन महिन्यांच्या आत, ३० डिसेंबरला सोव्हिएत मिग-१५ उडाले. त्याचेही पंख ३५ अंशांनीच मागे झुकलेले होते. कोरियाच्या युद्धात ही दोन विमाने एकमेकांसमोर आली.

मिग-१५ म्हणजे टीए-१८३ ची नक्कल, असे आजही अनेक ठिकाणी वाचायला मिळते. ते खरे नाही. सोव्हिएत अभियंत्यांनी जर्मन चाचण्यांची माहिती वापरली, पण विमान त्यांनी स्वतः रचले. त्यांची खरी अडचण निराळी होती. त्यांनी युमो आणि बीएमडब्ल्यू इंजिनांच्या प्रती काढल्या. याक-१५ आणि मिग-९ ही विमाने २४ एप्रिल १९४६ रोजी त्यांच्यावर उडालीदेखील. पण नव्या वेगवान विमानाला पुरेल एवढा जोर त्या इंजिनांत नव्हता. तो मिळाला ब्रिटनकडून. १९४६-४७ मध्ये ब्रिटिश सरकारने रोल्स-रॉइसची 'नीन' इंजिने सोव्हिएत संघाला विकू दिली. मॉस्कोने त्यांचा अभ्यास करून आरडी-४५ हे आपले इंजिन बनवले आणि तेच मिग-१५ मध्ये बसले.

हा नमुना पुढे सगळीकडे दिसतो. स्वीडनच्या साब कंपनीला १९४५ मध्ये स्वित्झर्लंडमार्गे जर्मन कागद मिळाले. त्यातून आलेले साब-२९ १ सप्टेंबर १९४८ रोजी उडाले. पंखांची माहिती जर्मन, इंजिन मात्र ब्रिटिश 'घोस्ट'. अर्जेंटिनाचे विमान उडाले तेही ब्रिटिश 'नीन'वर. पंखाचे गणित कागदावर मावते, पेटीत भरून नेता येते. इंजिन तसे नेता येत नाही. आराखडा मिळाला, तरी धातू ओतणारे, पाती घासणारे, तासन् तास इंजिन चालवून तडे शोधणारे हात लागतात. ते हात तयार व्हायला वर्षे जातात.

काय घेतले, काय नाही

जर्मन आराखड्यांचा प्रभाव सांगताना दंतकथाही बऱ्याच जोडल्या जातात. होर्टन बंधूंचे धड-शेपटी नसलेले, निव्वळ पंखाच्या आकाराचे विमान फेब्रुवारी १९४५ मध्ये जेटवर उडाले आणि त्याच महिन्यात कोसळले, त्यात वैमानिकाचा जीव गेला. अमेरिकेचे बी-२ हे रडारला चकवणारे विमान त्याच्यासारखे दिसते, म्हणून ते होर्टनची देणगी असे सांगितले जाते. प्रत्यक्षात बी-२ बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक जॅक नॉर्थ्रॉप यांनी अशा आकाराचे विमान अमेरिकेत १९४० मध्येच उडवले होते.

खरा प्रभाव कमी नाट्यमय आणि जास्त टिकाऊ आहे. ओबरामेरगाउला सापडलेले पी-१,१०१ अमेरिकेत नेले गेले. त्याच्या पंखांचा झुकाव जमिनीवर असताना बदलता येई. बेल कंपनीने त्यावरून एक्स-५ रचले आणि उडतानाच पंख पुढे-मागे होतील अशी सोय केली. ते २० जून १९५१ रोजी उडाले. पुढे त्यात एका वैमानिकाचा बळी गेला, पण हलत्या पंखांच्या विमानांची वाट त्यातून मोकळी झाली. भारतीय हवाई दलाने वापरलेली मिग-२३ आणि मिग-२७ ही त्याच प्रकारची.

त्रिकोणी पंखांचा पुरस्कर्ता अलेक्झांडर लिपिश हाही अमेरिकेला गेला. त्याच्या डीएम-१ या ग्लायडरची लँगलीच्या बोगद्यात तपासणी झाली. स्वतः बुझेमान १९४७ मध्ये लँगलीला रुजू झाले. त्यांच्या एका व्याख्यानातून रिचर्ड व्हिटकॉम्ब या तरुण शास्त्रज्ञाला सुचले, की विमानाच्या छेदाचे एकूण क्षेत्रफळ टोकापासून शेपटीपर्यंत हळूहळू बदलले पाहिजे, म्हणजे पंख जिथे जोडले जातात तिथे धडाची कंबर आवळली पाहिजे. जर्मनीत ओटो फ्रेंझल यांनी १९४४ मध्येच याच्याशी मिळत्याजुळत्या कल्पनेचे पेटंट घेतले होते. ध्वनीचा वेग ओलांडू न शकणारे एफ-१०२ हे विमान अशी कंबर दिल्यावर डिसेंबर १९५४ मध्ये तो वेग सहज ओलांडून गेले.

फ्रान्सने निवडले इंजिन

विजेत्यांत फ्रान्सची स्थिती सर्वांत दयनीय होती. चार वर्षे जर्मन ताब्यात काढलेल्या या देशाचा विमान उद्योग मोडकळीला आला होता. फ्रान्सने बीएमडब्ल्यूच्या जेट इंजिनाचे प्रमुख हरमन ओस्ट्रिश यांना त्यांच्या अभियंत्यांच्या पूर्ण चमूसह कामावर घेतले. सुरुवातीला हा चमू बोडेन सरोवराकाठी, फ्रेंच ताब्यातल्या जर्मन भागात रिकेनबाख इथे बसला. 'आतार' हे इंजिनाचे नाव त्याच कार्यालयाच्या फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांतून आले. मग हे लोक फ्रान्सला गेले आणि स्नेक्मा या सरकारी कंपनीत स्थिरावले. ओस्ट्रिश फ्रान्सचे नागरिक झाले.

आतारची पहिली आवृत्ती १९४८ मध्ये चालली. ती काही लगेच उत्तम नव्हती. फ्रान्सने एकामागून एक सुधारित आवृत्त्या काढल्या, मधल्या काळात गरजेपुरती ब्रिटिश इंजिने वापरली, पण आपला कारखाना बंद पडू दिला नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मिराज-३ आले, तेव्हा त्यात फ्रेंच इंजिन होते. ते विमान जगभर विकताना फ्रान्सला कुणाची परवानगी मागावी लागली नाही.

कोर्दोबाहून बंगळूरला

टीए-१८३ ज्या कंपनीचे, त्या फोके-वुल्फचे मुख्य रचनाकार कुर्ट टँक १९४७ मध्ये बनावट नावाने अर्जेंटिनाला पोहोचले. राष्ट्राध्यक्ष पेरॉन यांना स्वतःचे लढाऊ विमान हवे होते. कोर्दोबा शहरात टँक यांनी टीए-१८३ च्या धर्तीवर 'पुल्की-२' रचले. ते १९५० मध्ये उडाले. १९५१ आणि १९५२ मध्ये दोन वैमानिक अपघातांत गेले. पाच नमुने झाले, उत्पादन सुरू झाले नाही. १९५५ मध्ये पेरॉन यांची सत्ता गेली आणि टँक यांचा चमू पांगला.

तेव्हा भारताला ध्वनीपेक्षा वेगवान लढाऊ विमान देशातच रचायचे होते. १९५६ मध्ये टँक डझनभराहून अधिक जर्मन सहकाऱ्यांसह बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये दाखल झाले. सुविधा बेताच्या होत्या, म्हणून आधी विमानाच्या पूर्ण आकाराचे लाकडी ग्लायडर बनवले गेले. डाकोटा विमानाला दोरीने बांधून ते आकाशात नेत आणि सोडून देत. १९५९-६० मध्ये अशी ७८ उड्डाणे झाली. त्यातून पंखांची वागणूक कळली. १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी मरुतचे पहिले उड्डाण केले. कामाला सुरुवात होऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती.

विमानाचा सांगाडा उत्तम होता. कंबर आवळलेली, पंख मागे झुकलेले, हवेचा विरोध कमी. अडले ते इंजिनापाशी. मरुतसाठी ब्रिस्टलचे आफ्टरबर्नरसह सुमारे ३,७०० किलो रेटा देणारे 'ऑर्फियस-१२' हे इंजिन धरले होते. आफ्टरबर्नर म्हणजे बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत पुन्हा इंधन जाळून जादा जोर मिळवण्याची सोय. पण या इंजिनाला दुसरे गिऱ्हाईक उरले नाही. ते पूर्ण करायचे तर खर्च भारताने उचलावा, असा प्रश्न आला आणि भारताने पैसे दिले नाहीत. इंजिन बारगळले. मग 'नॅट' विमानांसाठी बंगळूरला बनत असलेल्या ऑर्फियसचाच एक प्रकार मरुतमध्ये बसवावा लागला. एका इंजिनाचा रेटा सुमारे २,२०० किलो. ठरवलेल्या जोरापेक्षा चाळीस टक्के कमी.

पर्यायाचा शोध इजिप्तपर्यंत गेला. कैरोजवळ हेलवानला विली मेसरश्मिट यांनी रचलेल्या एचए-३०० या विमानाचे काम चालू होते. त्यासाठी ई-३०० हे इंजिन बनवत होते फर्डिनांड ब्रांडनर. युद्धकाळात ते युंकर्समध्ये होते. नंतर सोव्हिएत कैदेत असताना त्यांच्या चमूने एका प्रचंड टर्बोप्रॉप इंजिनावर काम केले. त्यातून आलेले एनके-१२ हे इंजिन तुपोलेव्ह विमानांना लागले. १९८८ पासून काही वर्षे गोव्याच्या दाबोळीहून उडणाऱ्या भारतीय नौदलाच्या टीयू-१४२ विमानांतही तेच होते. एचए-३०० चे पहिले उड्डाण ७ मार्च १९६४ रोजी कपिल भार्गव या भारतीय वैमानिकाने केले. आणि मार्च १९६७ मध्ये एक मरुत ई-३०० इंजिन लावून इजिप्तच्या आकाशात उडाले. टँक यांचे विमान, ब्रांडनर यांचे इंजिन, शेजारी मेसरश्मिट यांचा कारखाना. युद्धातल्या जर्मन विमान उद्योगाचे तीन धागे वाळवंटात एकत्र आले. तीन महिन्यांत अरब-इस्रायल युद्ध पेटले, इजिप्तचा पैसा आटला आणि १९६९ मध्ये तो प्रकल्प बंद झाला.

बंगळूरला स्वतःच्याच बळावर आफ्टरबर्नर बसवण्याचे प्रयत्न चालू राहिले. जानेवारी १९७० मध्ये सुधारित मरुतची चाचणी घेताना विमान कोसळले आणि पहिले उड्डाण करणारे सुरंजन दासच त्यात गेले.

जोर कमी, काम चोख

मरुत एकूण १४७ बनले. ज्या वेगासाठी त्याचे पंख झुकवले होते, तो वेग ते सरळ उड्डाणात कधी गाठू शकले नाही. तरी १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्याने जमिनीलगत हल्ले करण्याचे काम चोख केले. हवाई लढाईत एकही मरुत पडले नाही. भारतीय हवाई दलाच्या नोंदीनुसार ७ डिसेंबर १९७१ रोजी स्क्वाड्रन लीडर के. के. बक्षी यांनी मरुतमधून एक पाकिस्तानी सेबर पाडले. एकाच जर्मन शोधातून निघालेले दोन पंख सव्वीस वर्षांनी सिंधच्या वाळवंटावर समोरासमोर आले होते.

दरम्यान भारताने मिग-२१ निवडले होते. त्याची बांधणी नाशिकजवळ ओझरला आणि इंजिने ओडिशातल्या कोरापुटला सुरू झाली. ती परवान्याने बनत, म्हणजे नकाशे सोव्हिएत आणि हात आपले. बनवता येऊ लागले, रचता येणे बाकी राहिले. मरुत १९९० पर्यंत निवृत्त झाले आणि टँक यांच्या हाताखाली तयार झालेल्या रचनाकारांच्या पिढीला पुढचे लढाऊ विमान मिळाले नाही. तेजस येईपर्यंत मधली अनेक वर्षे रिकामी गेली.

तेजस ४ जानेवारी २००१ रोजी उडाले, तेव्हा त्याच्या पोटात अमेरिकी इंजिन होते. त्याच्यासाठी १९८९ पासून आखलेले देशी 'कावेरी' इंजिन वेळेत आणि हव्या त्या जोराचे झाले नाही. २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळे करण्यात आले. तेजसच्या नव्या आवृत्तीसाठी २०२१ मध्ये मागवलेल्या ९९ अमेरिकी इंजिनांपैकी पहिले हाती पडले ते मार्च २०२५ मध्ये. विमानांची धडे तयार आणि इंजिनाची वाट पाहणे चालू, ही स्थिती मरुतच्या काळातल्या माणसांना अनोळखी वाटली नसती.

ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी जाहीर केले, की पुढच्या पिढीच्या लढाऊ विमानासाठी भारत फ्रान्सच्या साफ्रां कंपनीसोबत इंजिन विकसित करणार आहे. साफ्रां म्हणजे जुन्या स्नेक्माची वारसदार. जर्मनीतून आलेल्या ओस्ट्रिशच्या चमूला आतारसाठी आसरा देणारी तीच कंपनी. फ्रान्सने तेव्हा परक्या देशाची माणसे घेतली, त्यांच्याकडून शिकून घेतले आणि इंजिन जमेपर्यंत वर्षानुवर्षे पैसा ओतला. भारताने त्याच सुमारास तितक्याच तोलामोलाचा रचनाकार आणला, सुंदर विमान मिळवले आणि इंजिनाच्या वेळी हात आखडता घेतला.

नव्या करारातून भारताला पात्यांचा धातू ओतण्याचे आणि ती पाती रचण्याचे कसब मिळते, की ओझर-कोरापुटसारखे नुसते नकाशे मिळतात, हे पाहावे लागेल. धातू, पाती आणि ज्वलनकक्ष यांवरचे काम निवडणुकीच्या किंवा अंदाजपत्रकाच्या हिशेबाने चालत नाही, त्याला दहा-पंधरा वर्षे लागतात. वरळीला उभे असलेले मरुत ती वर्षे न दिल्याचा परिणाम दाखवते. पुढच्या सहलीत एखाद्या मुलाने त्याचे पंख मागे का झुकलेत असे विचारले, तर घाटातल्या वाटेचे उत्तर तयार आहे. त्यानंतर त्याने इंजिनाबद्दल विचारले पाहिजे.